आप्पा आणि शहाऐंशी पानांची पीडीएफ

आमच्या घरात सध्या दोनच विषय चालतात. एक रिडेव्हलपमेंट आणि दुसरा आप्पांचे डोळे. घरच्या मंडळींना फोनवर तुकड्यातुकड्यांत बरंच कळलंय, पण प्रत्येक वेळी अर्धीच गोष्ट सांगून होते. म्हणून म्हटलं, एकदा सगळं लिहूनच टाकावं.

आप्पा म्हणजे माझे मोठे काका. मालगाडीवर गार्ड होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. ठाकुर्लीत बंद पडलेल्या चोळे पॉवर हाऊसपासून जवळच त्यांची तीन मजली सोसायटी आहे. काचबिंदूने एक डोळा पूर्ण गेलाय आणि दुसऱ्याने उजेड-अंधार आणि माणसाचा आकार एवढंच कळतं. पण सवय अशी, की कागद स्वतः वाचल्याशिवाय सही नाही. रेल्वेत चाळीस वर्षं हेच केलं, आता म्हातारपणी कोण बदलणार?

इमारत जुनी झालीय याबद्दल वाद नाही. २०१५ च्या पावसाळ्यात इथे ठाकुर्लीतच एक इमारत रात्री कोसळली आणि माणसं गेली. तेव्हापासून छताचा पोपडा पडला तरी काकू दचकतात. त्यामुळे बिल्डर आला, सभा झाल्या, आणि मार्चमध्ये कराराचा मसुदा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन पडला. शहाऐंशी पानांची पीडीएफ. पंधरा दिवसांत हरकती कळवा, नाहीतर मान्य समजू.

आप्पांच्या लॅपटॉपवर मी एनव्हीडीए बसवून दिलाय. पडद्यावरचं वाचून दाखवणारा हा प्रोग्रॅम फुकट आहे. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणाने तो लिहायला घेतला, मग त्याचा दुसरा अंध मित्र येऊन मिळाला. तो मराठी वाचतो. आवाज जरा यंत्रासारखा आहे, पण आप्पांना सवय झालीय. तर त्यांनी पीडीएफ उघडली आणि लॅपटॉप गप्प. कारण ती पीडीएफ म्हणजे कागदांचे फोटो होते. छापून, सह्या-शिक्के मारून, परत स्कॅन केलेले. आपल्याला तिथे अक्षरं दिसतात, संगणकाला फक्त काळे-पांढरे ठिपके.

"मी वाचून दाखवतो," असं मी म्हणालो. आप्पा म्हणाले, "तू वाचशील रे. पण तुला कंटाळा आला की तू गाळणार, आणि काय गाळलंस ते मला कळणार नाही."

यावर काय बोलणार! खरंच होतं ते. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मागे जाता येत नाही, तेच कलम चारदा ऐकता येत नाही, समोरच्याची जांभई ऐकू येते. आणि सही मात्र आपली असते.

मग सेक्रेटरींना गाठून मूळ टाइप केलेली फाइल मागवली. ती आलीही. ती उघडल्यावर लॅपटॉप इंग्रजी अक्षरांची काहीतरी भयंकर खिचडी बडबडायला लागला. काकूंना वाटलं मशीन बिघडलं. आपल्यापैकी जे जुने ब्लॉगवाले आहेत त्यांना हा प्रकार नवा नाही. युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट आठवतात ना? त्यात 'क' हा 'क' नसतोच. इंग्रजी अक्षराच्या जागी 'क'चं चित्र बसवलेलं असतं. डोळ्याला मराठी, आत इंग्रजी. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, देवनागरी तिच्यात तेव्हापासून आहे. तरी टायपिंगवाल्यांकडे जुने फॉन्ट अजून चालू आहेत, कारण छापल्यावर छान दिसतात आणि ऑपरेटरचा हात बसलेला असतो. आपलं मराठी टायपिंग कागदासाठीच जन्माला आलं, त्याचा हा हिशोब.

बरं, युनिकोडमध्ये टाइप करून पीडीएफ केली म्हणजे सुटलो असंही नाही. पीडीएफ मुळात पानावर आकार कुठे काढायचे ते सांभाळते. 'कि' लिहिताना वेलांटी क च्या आधी दिसते पण उच्चार नंतर, 'र्थ' मधला रफार वर शेवटी बसतो पण उच्चार आधी. नीट न बनवलेल्या पीडीएफमधून मजकूर बाहेर काढला की ही सगळी मंडळी जागा सोडून उभी राहतात. इंग्रजीला हा त्रास नाही, म्हणून इंग्रजीत केलेले उपाय आपल्याकडे जसेच्या तसे चालत नाहीत.

शेवटी मी कन्व्हर्टर वापरून ती फाइल युनिकोडमध्ये आणली आणि दोन रविवार बसून साफ केली. आकडे मात्र एकेक करून कागदाशी ताडले, तिथे यंत्रावर भरवसा नको. मग प्रत्येक कलमाच्या नावाला वर्डमधली हेडिंगची स्टाइल दिली. नुसतं ठळक करून चालत नाही, ठळकपणा डोळ्यांसाठी असतो. हेडिंग दिलं की आप्पा एच दाबत एका कलमावरून दुसऱ्यावर उड्या मारतात, आपण पान चाळतो तसं. चौरस फुटांच्या तक्त्याला पहिली ओळ शीर्षकाची म्हणून नेमली, नाहीतर नुसतं "चारशे दहा, पाचशे पंचवीस" ऐकून कोणाचं काय ते कसं कळणार?

सगळ्यात जास्त वेळ गेला नकाशात. चित्राला शब्दांत वर्णन द्यायची सोय असते, तिथे लोक काहीच लिहीत नाहीत किंवा 'चित्र १' लिहून मोकळे होतात. मी लिहिलं, दारातून आत आल्यावर डाव्या हाताला स्वयंपाकघर, समोर हॉल, हॉलची खिडकी पूर्वेला. आप्पांचे प्रश्न सुरू. संडासाचं दार कुठे उघडतं? आतल्या खोलीपर्यंत पावलं किती? लोकलचा आवाज कुठल्या खोलीत येईल? (हा शेवटचा प्रश्न त्रास म्हणून नव्हता. आवाजावरून त्यांना गाडी स्लो की फास्ट ते कळतं, आणि ते त्यांना हवं आहे.) तीन वेळा वर्णन बदललं. डोळे असलेल्या आम्हा सगळ्यांनी तो नकाशा पाहून "छान आहे" म्हटलं होतं, आणि संडासाचं दार ओट्यासमोर उघडतंय हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

आणि मग चौथ्या दिवशी सकाळी आप्पांचा फोन. "कलम नऊमध्ये घरभाडं चोवीस महिने. कलम एकतीसमध्ये बांधकामाची मुदत छत्तीस महिने, वर सहा महिने सवलत. मधलं भाडं कोण देणार?"

दोन कलमांमध्ये बावीस पानं. ग्रुपवर ती पीडीएफ सगळ्यांनी उघडली होती, अंगठेही दिले होते.

सभेत आप्पांनी हे मांडल्यावर पहिल्यांदा शांतता, मग एकजण म्हणाले, "आप्पांना कोणीतरी वाचून दाखवलं वाटतं." आप्पा म्हणाले, "मी वाचलं." एवढंच.

या बाबतीत कायदा नाही असं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ४२ मध्ये इलेक्ट्रॉनिक मजकूर सगळ्यांना वापरता यावा यासाठी पावलं उचलायची जबाबदारी सरकारवर टाकलीय. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या एका बाईंच्या आणि एका अंध वकिलाच्या याचिकांवर निकाल देताना, डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ते प्रकरण ऑनलाइन केवायसीचं होतं. निकाल मोठा आहे, पण कोर्टासमोरच्या टायपिंगच्या टपरीपर्यंत तो पोचायला किती दिवस लागतील, देव जाणे.

सोसायटीने मात्र ठराव केलाय. सुधारित मसुदा वर्ड फाइलमध्ये, युनिकोडमध्ये हवा, आणि स्कॅन सोबत हवा तर द्या. बिल्डरचं भाड्याबद्दलचं उत्तर अजून यायचंय. तळमजल्यावरच्या आजींनी, ज्यांचे डोळे तसे ठीक आहेत, माझ्याकडून तीच फाइल फोनवर मागून घेतली. त्यांना पीडीएफ बोटांनी मोठी केली की ओळ पडद्याबाहेर जायची, आणि यात अक्षर कितीही मोठं करा, ओळ आपोआप खाली वळते.

आप्पांनी काल नवीन काम दिलंय. पार्किंगचा नकाशा. गाडी नाहीये त्यांच्याकडे, पण म्हणे बघायला काय हरकत आहे.