होळकरांच्या राजधानीत

बोरिवलीहून संध्याकाळी अवंतिका एक्स्प्रेसमध्ये बसलेला मनुष्य सकाळी इंदूरास उतरतो. भातकापणी आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील काही मंडळींसह आम्ही हा प्रवास केला. "फादर, राजधानीच पाहायची तर दिल्ली पाहू," असा तरुणांचा आग्रह होता. परंतु दिल्लीस खर्च दुप्पट आणि दगदग चौपट. शिवाय इंदूर हीसुद्धा एकेकाळची राजधानीच. अहिल्याबाईंचा कारभार महेश्वराहून चाले. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांनी राजधानी इंदूरास आणली. स्वातंत्र्यानंतर मध्य भारत राज्याचा उन्हाळ्यातील कारभारही १९५६ पर्यंत येथूनच होई. पुढे भोपाळ राजधानी झाले आणि इंदूरच्या वाट्यास व्यापार राहिला. त्याचे या शहराने सोने केले. स्वच्छतेच्या देशव्यापी पाहणीत तर २०१७ पासून ओळीने कैक वर्षे त्याचा पहिला क्रमांक आला. आमच्या मंडळींनी शेंगांची टरफलेसुद्धा खिशात ठेविली, यावरून काय ते समजावे.

सकाळी प्रथम सेंट फ्रान्सिस कॅथिड्रलमध्ये गेलो. लोक त्यास 'लाल चर्च' म्हणतात. सिस्टर राणी मारिया यांना ४ नोव्हेंबर २०१७ रोजी याच शहरात धन्यवादित म्हणून घोषित करण्यात आले. तेथून राजवाडा. सात मजल्यांची ती वास्तू. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. १९८४ च्या दंगलीत तिचा बराच भाग आगीच्या भक्ष्यस्थानी पडला होता. पुढे तो पुन्हा उभारला. खांडवा ते इंदूर हा लोहमार्ग घालण्यासाठी दुसऱ्या तुकोजीरावांनी इंग्रज सरकारास एक कोटी रुपये, साडेचार टक्के व्याजाने, एकशे एक वर्षांच्या मुदतीने दिले होते, हे सांगताच आमच्यातील एक शेतकरी म्हणाले, "सरकारला कर्ज देणारा माणूस प्रथमच ऐकतो आहे, फादर!"

रात्री सराफ्यात गेलो. दिवसा जेथे सोनेचांदीची दुकाने उघडी असतात तेथेच रात्री खाद्यपदार्थांच्या गाड्या लागतात. येथील प्रसिद्ध पदार्थ म्हणजे 'भुट्टे का कीस'. वाक्य हिंदी, परंतु 'कीस' हा शब्द आपल्या स्वयंपाकघरातला! तो येथे कोणाबरोबर आला असेल, हा विचार मनात घोळत राहिला, आणि दुसऱ्या दिवशी त्याचे उत्तर आपण होऊन समोर आले.

राजवाड्याच्या पश्चिमेस बडा गणपती नावाचा भाग आहे. तेथील मंदिरातील बैठी मूर्ती मुकुटापासून पायापर्यंत सुमारे २५ फूट उंच. ती विटा, चुना, गूळ व मेथी यांच्या मिश्रणाने घडविली, असे तेथे सांगतात. आमची मंडळी दाराशी जराशी घुटमळली. पाहुण्याने यजमानाच्या घरात आदराने वागावे, एवढेच आम्ही त्यांस सांगितले व पादत्राणे काढून आत गेलो.

आमच्यासमवेत लाल लुगडे नेसणाऱ्या एक वृद्ध मावशी होत्या. अंगणात बसलेल्या एका आजींनी ते लुगडे दुरूनच हेरले. "काय हो ताई, महाराष्ट्रातून आलात वाटतं?" मराठी ऐकताच मावशींचा प्रवासाचा शीण उतरला, त्या शेजारी बसल्याच. आजींच्या घराण्याचे मूळ साताऱ्याकडचे. पूर्वज होळकरांच्या चाकरीत आले ते येथेच राहिले. "तुमचं गाव कोणतं?" आजींनी विचारले.

"वसई."

"वसई!" आजींचा चेहरा उजळला. "अहो, आमच्या मल्हाररावांनी जिंकलेली वसई!"

आम्ही चपापलो. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली तेव्हा मल्हारराव होळकर त्या मोहिमेत होते, हे खरेच. शाळेत हे प्रकरण आम्ही अभिमानाने घोकले आहे. घरी मात्र आमचे आजोबा त्यावर एक शब्दही बोलत नसत. वाचकहो, आपल्यापैकी कितीकांच्या घरी असेच असेल. जिंकणाऱ्यांची भाषा आपली आणि हरलेल्यांचा धर्मही आपलाच. अशा ठिकाणी उभे राहणाऱ्याने कोणता चेहरा करावा? आम्ही शब्द जुळवीत होतो, तोच मावशी शांतपणे म्हणाल्या, "हो ना. तेव्हा आम्ही तिथंच होतो. शेतात. अजून आहोत."

आजींनी त्यांच्या गळ्यातील क्रूस प्रथमच पाहिला. "तुम्ही ख्रिस्ती? आणि मराठी?"

"तुम्ही इंदूरच्या," मावशी हसल्या, "आणि मराठी?"

दोघीही हसू लागल्या. आजी म्हणाल्या, "पुण्याला गेलं की हेच विचारतात मेले!" मग नातवंडांचा विषय निघाला. आजींचे नातू घरात हिंदी बोलतात. मावशींचा नातू शाळेतून आला की इंग्रजी. या बाबतीत दोघींची तक्रार इतकी सारखी होती की आम्ही तेथून थोडे बाजूला सरलो. धर्मग्रामातील मुलांना इंग्रजी शाळेत घालण्याची शिफारसपत्रे आम्हीच लिहितो, हे त्या वेळी सोयीस्करपणे आठवले नाही.

निघताना मावशींनी पिशवीतून केळीच्या सोपटात बांधलेली सुकेळी काढून आजींच्या हाती दिली. आजींची सहा-सात वर्षांची नात धावत आली. "दादी, ये क्या है?"

आजी हिंदी शब्द शोधू लागल्या. तो सापडेना, मराठी शब्दही त्यांस ठाऊक नव्हता. त्यांनी मावशींकडे पाहिले.

"सुकेळी," मावशी म्हणाल्या. "वसईची केळी, उन्हात वाळवलेली."

"सुकेळी," आजी म्हणाल्या.

"सुकेळी," मुलगी म्हणाली, आणि एक तोंडात घालून दुसरीसाठी हात पुढे केला.