तीनशे वजा अकरा

मी हिशेबाला पक्का आहे, असं माझ्याखेरीज कुणीच म्हणत नाही. तरी बी.कॉम. होऊन वीस वर्षं बँकेत आकडे जुळवणाऱ्या मुलाला आईनं ऐन वैशाखात अवसरी बुद्रुकला बोलावलं, ते चकल्या मोजायला, असा माझा समज होता. मंचरला एस.टी. सोडून घामाघूम होत घरी पोचलो, तर हातात काठी मिळाली. कावळे हाकायला.

दोन किलो साबुदाणा रात्रीच भिजला होता. मंचरच्या बाजारातले चार किलो बटाटे उकडून, किसून तयार. साबुदाणा काचेसारखा दिसेतो वाफवायचा, त्यात बटाटा, जिरं, मीठ, तिखट मळायचं आणि गच्चीवर कागद अंथरून सोऱ्यानं चकल्या पाडायच्या. यंदा सोऱ्या फिरवताना आईचं मनगट दुखायला लागलं. तिनं काही न बोलता तो माझ्याकडे सरकवला. माझी पहिली चकली आमच्या साहेबांच्या सहीसारखी आली. सुरुवात कळत होती, शेवट कुठं झाला ते नाही.

झाकायला मी ज्ञान काढलं. "आई, साबुदाणा झाडाला लागत नाही. टॅपिओकाचे कंद किसून, त्यांचं सत्त्व पाण्यात निवळून, त्याच्या गोळ्या करून भाजतात. तमिळनाडूत सेलमला त्याचे कारखाने आहेत. आणि कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. बटाटाही तिकडचाच. मिरचीसुद्धा अमेरिकेतनंच आली. तुझ्या एकादशीत आपलं म्हणावं असं जिरं नि मीठ!"

आईनं नवी चकली बोटानं सरळ केली. "एवढ्या लांबनं आलेत बिचारे. मग काय त्यांना उपाशी ठेवायचं?"

यावर बी.कॉम.ला उत्तर नव्हतं.

दुपारी मी राखणीला बसलो. वरून वाळलेली, आतून ओली चकली ज्यानं खाल्ली नाही, त्यानं माझ्यावर हसू नये. कावळे सज्जन निघाले. एकही फिरकला नाही.

संध्याकाळी आईनं मोजदाद केली. पाडल्या होत्या तीनशे, भरल्या दोनशे एकोणनव्वद. बँकेत कॅश कमी आली तर कॅशिअरच्या खिशातून जाते. मी खिसे चाचपले.

पुढं वाळल्या की वाटणीसाठी तिनं डबे आधीच पुसून मांडले होते. आम्ही भावंडं चार. डबे पाच. पाचवा नानांचा. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. खातेदार गेला की आम्ही बँकेत दाखला मागतो, अर्ज मागतो, खातं बंद करतो. आईनं कसलाच कागद मागितला नव्हता.

मी घसा खाकरला. "कमी पडल्या त्या अकरा माझ्या नावावर टाक."

"नानांच्या टाकते," डब्याचं झाकण लावत आई म्हणाली. "राखणीला बसले की ते पण ओल्याच खायचे. आणि वर कावळ्यांचं नाव सांगायचे."