माळा नसलेले घर

आमच्या वसईच्या जुन्या घराला माळा नाही. वासे, वाशांवर रीपा, रीपांवर मंगलोरी कौले आणि त्यांखाली थेट आम्ही. वैशाखात ती कौले दिवसभर तापत व दिवेलागणीनंतरही धग खाली सोडीत राहत. आई अर्धांगाने अंथरुणाला खिळली, तेव्हा या उकाड्याचा खरा जाच उमगला. धाकट्या भावाने स्लॅबचा आग्रह धरला. "तुमच्या बाबांचे छप्पर मी असेतो उतरवू नका," एवढेच ती बोलली.

मग मीच अॅल्युमिनियमचा वर्ख लावलेल्या गाद्या आणून कौलांना खालून घट्ट भिडवून ठोकल्या. (हौशी माणसाच्या हाती हातोडी देऊ नये!) पावसाळ्यात झिरपलेले पाणी त्यांत अडले, दोन वासे कुजू लागले. "मास्तर, कौलांना वारा लागला पाहिजे," म्हातारा सुतार म्हणाला. वर्ख उष्णता परतवतो, तो समोर हवेची पोकळी असली तरच. सुताराने वाशांखाली फळ्यांची तक्तपोशी मारली, फळ्यांच्या वरच्या अंगाला वर्ख लावला आणि वळचणीशी व आढ्याशी वाऱ्याला वाट ठेवली. पुढचा उन्हाळा सुसह्य झाला.

एका जागी मात्र फळी नाही. तिथे वर काचेचे कौल आहे. त्याचा कवडसा पलंगाच्या पायथ्याशी आला की आई आंजेलसची प्रार्थना सुरू करते. भिंतीवरचे घड्याळ तिला आता दिसत नाही. "तेवढे झाकू नकोस," ती म्हणाली होती. सुताराने भोवती नीट चौकट बसवून दिली. तिथून ऊन येते, थोडी धगही येते.