गार वाऱ्याचा माग

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात जानेवारीच्या रात्री पारा उणे २० सेल्सिअसपर्यंत सहज उतरतो. माझी मावसबहीण आणि तिचा नवरा तिथल्या एका जुन्या लाकडी फार्महाऊसमध्ये राहतात. बैठकीच्या खोलीत बिडाचा वुड स्टोव्ह आहे. त्याच्यासमोर बसलं की गुडघे भाजून निघायचे आणि घोट्यांवरून मात्र गार वारं फिरत राहायचं. लाकडं जास्त घातली की वारं आणखी वाढायचं. “हा थंडी घालवतोय की बोलावतोय?” असं ती वैतागून विचारायची. तिची शंका अगदी रास्त होती.

किलोभर सुकं लाकूड जळायला हिशेबानं पाच-सहा किलो हवा लागते. प्रत्यक्षात बरीच जास्त. ती धुराबरोबर चिमणीतून निघून गेली की तेवढीच बाहेरची हवा घराला कुठून तरी आत घ्यावी लागते. शिवाय तापलेली हवा वर चढून माळ्याच्या फटींतून निसटते, त्यामुळे खालच्या मजल्यावर ओढ आणखी वाढते. बेंजामिन फ्रँकलिननं १७४४ साली आपल्या नव्या शेगडीवर पुस्तिका काढली, तेव्हा त्याचंही दुखणं हेच होतं. त्याच्या शेगडीत बाहेरची हवा जमिनीखालच्या वाटेनं आणून, तापवून मग खोलीत सोडायची सोय होती.

बहिणीनं देवघरातली उदबत्ती उचलली.

स्टोव्ह पेटलेला असताना ती उदबत्ती घेऊन भिंतीच्या कडेकडेनं हिंडली. तळघराच्या दाराखाली धूर एकदम आडवा झाला. बाहेरच्या भिंतीतल्या विजेच्या सॉकेटपाशीही तो थरथरत खोलीकडे वळला. मोठ्या खिडकीपाशी मात्र गंमत झाली. तिथे फट सापडेना, तरी धूर काचेलगत सरळ खाली उतरत होता. काचेला लागून गार झालेली हवा जड होऊन खाली ओघळते आणि जमिनीवरून पसरते, त्याचा हा खेळ. तिथे रबरी पट्टी लावून उपयोग शून्य. आतून प्लास्टिकची पारदर्शक फिल्म ताणून बसवल्यावर फरक पडला.

खरा चोर वरच्या मजल्यावर निघाला. माळ्यावर जायच्या झाकणाच्या कडेला उदबत्तीचा धूर सुळकन वर ओढला गेला. माणूस सहसा पायाला झोंबणारी फट आधी बुजवतो. पण वरची वाट उघडी असेल तर वारा खाली दुसरी फट शोधतोच. त्यांनी झाकणाला पट्ट्या लावल्या, वर फोमची जाड पाटी टाकली. चिमणी माळ्यात शिरते तिथलं काम मात्र जाणकाराकडून करून घेतलं. आगीच्या धोक्यामुळे चिमणी आणि लाकडी तुळया यांच्यात दोन इंच जागा मोकळी ठेवलेली असते. ती फोमनं भरायची नसते. पत्रा ठोकून त्याच्या कडा उष्णता सोसणाऱ्या सीलंटनं बंद करतात.

घर असं आवळत गेलं की दुसरं संकट उभं राहतं, आणि मराठी स्वयंपाकघरात ते लवकर कळतं. एकदा ठेच्यासाठी मिरच्या परतताना तिनं ओट्यावरचा एक्झॉस्ट पूर्ण जोरात लावला. स्टोव्हमध्ये निखारेच उरले होते, चिमणीची ओढ मंदावलेली. पंख्यानं घरातली हवा खेचली आणि चिमणीतून धूर उलटा बैठकीत आला. धूर निदान दिसतो तरी. कार्बन मोनॉक्साइडला रंगही नाही आणि वासही नाही. म्हणून अशा घरात त्याचा अलार्म हवाच.

पुढे स्टोव्हला बाहेरून थेट हवा आणणारा पाइप जोडला. आता त्याला लागणारी हवा खोलीतून ओढली जात नाही, आणि घोटे बरेच निवांत आहेत. एक्झॉस्ट लावायचा तर आजही ओट्याजवळची खिडकी आधी बोटभर उघडतात. नवरा थंडीनं कुरकुरतो. ती म्हणते, “मग बंद कर, आणि ठेचा विकतचा आण.”