सिनेमानंतरचा तास

पुण्यात जुन्या टॉकीजसाठी गळा काढायला दोन माणसं पुरतात. एक म्हणतो, "प्रभात गेलं." दुसरा लगेच म्हणतो, "अहो, प्रभातचं काय घेऊन बसलात, आर्यन पाडलं तेव्हाच सगळं संपलं." आर्यन म्हणजे गंगाधरपंत पाठकांनी १९१५ साली मंडईपाशी सुरू केलेलं पुण्यातलं पहिलं चित्रपटगृह. आता तिथे वाहनतळ आहे आणि त्याचं नावही आर्यनच. त्यामुळे भाजीला गेलेला पुणेकर अजूनही "गाडी आर्यनला लावलीय" असं सांगतो, आणि त्याला आपण काय बोललो याचा पत्ता नसतो. प्रभात तर तसं गेलेलंही नाही. १९३४ साली किबे लक्ष्मी थिएटर म्हणून उघडलं होतं, मधली कित्येक दशकं प्रभात म्हणून नांदलं, आणि भाडेकरार संपल्यावर मूळ मालकांकडे जाऊन पुन्हा किबे लक्ष्मी झालं. माहेरी परत आलं म्हणायचं.

मला या रडण्यात सूर मिसळता येत नाही. मी ती थिएटरं आतून पाहिली आहेत आणि पैसे देऊन पाहिली आहेत. मे महिन्यातल्या मॅटिनीला पंख्याचा आवाज आणि संवाद यांत पंखा जिंकायचा. खुर्चीत काय चावतंय याचा विचार करायचा नसतो, हे पहिल्याच वर्षी कळलं होतं. आजच्या मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्नच्या किमतीला एक पातळ येईल, हे मान्य. पण आवाज स्वच्छ येतो, स्वच्छतागृह स्वच्छ असतं, आणि एकट्या बाईला रात्रीच्या खेळाला बसताना मागच्या रांगेकडे लक्ष ठेवावं लागत नाही. माझं हरवलं ते थिएटरच्या आत नव्हतंच. ते होतं सिनेमा सुटल्यानंतरच्या तासात.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी टिळक रोडवर स. प. महाविद्यालयात होते आणि एका छोट्या साप्ताहिकात सिनेमाची परीक्षणं लिहायला लागले होते. मानधन इतकं की त्यातून तिकिटाचे पैसे सुटत, रिक्षाचे नाहीत. आमचा पाच-सहा जणांचा कंपू होता आणि त्यात माझं स्थान भक्कम होतं, कारण मी मुलगी होते. खिडकीवर बायकांची वेगळी रांग असायची. पुरुषांच्या रांगेत शर्टाच्या गुंड्या तुटायच्या. बायकांच्या रांगेत चार मावश्या आणि मी. सगळ्यांचे पैसे माझ्या मुठीत कोंबले जायचे, जाळीतल्या त्या हाताएवढ्या भोकातून मी ते आत सरकवायचे आणि चुरगळलेली पातळ तिकिटं घेऊन बाहेर यायचे. स्त्रीवादाचं वाचन तेव्हाच सुरू झालं होतं, पण या सवलतीवर मी कधी आक्षेप घेतला नाही.

अंधारात लिहिण्याची एक युक्ती असते. वही मांडीवर, डाव्या हाताचा अंगठा कागदाच्या कडेवर. एक ओळ लिहून झाली की अंगठा एक पेर खाली सरकवायचा आणि पुढची ओळ तिथून सुरू करायची. नाहीतर ओळीवर ओळ चढते आणि घरी आल्यावर "कॅमेरा खिडकीतून"च्या पोटात "आईचा आवाज चढतो" निघतं. ही युक्ती मला कोणी शिकवली नाही. दोन परीक्षणं अशी वाचता न येणाऱ्या टिपणांवरून लिहावी लागली, मग अंगठा आपोआप शहाणा झाला.

पण परीक्षण त्या वहीत तयार होत नसे. ते व्हायचं रस्त्यावर. अलकाला इंग्रजी सिनेमा असला तर टिळक रोडने पायी, नीलायमला असला तर सारसबागेवरून. संध्याकाळचा खेळ सुटला की सारसबागेपाशी भेळ, आणि भेळेबरोबर भांडण. कंपूतल्या एकाला प्रत्येक सिनेमाचा शेवट बदलायचा असायचा. दुसरा संगीत सोडून कशावर बोलायचा नाही. एक मुलगी फक्त कपड्यांबद्दल बोलायची. आम्ही तिला हसायचो, आणि रात्री लिहायला बसले की तिचंच निरीक्षण सगळ्यात जास्त उपयोगी पडायचं: ही बाई चाळीत राहते तर रोज इस्त्रीची साडी कशी? तासाभरात सिनेमाची चिरफाड होऊन तो पुन्हा शिवला जायचा. घरी येऊन मी फक्त लिहून काढायचे. शनिवारी दुपारच्या आत मजकूर कार्यालयात पोचवायचा. संपादक पहिला परिच्छेद न वाचता उडवायचे. म्हणायचे, "इथे तुम्ही घसा साफ करताय."

सिनेमाचं वेड लागायला पुण्यासारखं गाव नाही, हे मात्र मी कुठल्याही व्यासपीठावर म्हणेन. प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून इथे आली. तिचा स्टुडिओ थंडावला आणि १९६० साली त्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झालं. या दोन संस्था मिळून उन्हाळ्यात महिनाभराचा रसास्वाद वर्ग घेत. सतीश बहादूर यांनी रुजवलेला तो वर्ग करून आलेली माणसं पुण्यातल्या प्रत्येक वाड्यात एक तरी असायची आणि ती लग्नाच्या पंगतीतही 'फ्रेम' म्हणायची. ऐंशीच्या दशकात सुरू झालेला आशय फिल्म क्लब होता. २००२ साली जब्बार पटेलांच्या नेतृत्वाखाली पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजे पिफ, सुरू झाला. संग्रहालयाच्या थिएटरात सिनेमा बघायचा तर खोकलासुद्धा दाबून ठेवायचा अशी शिस्त होती.

त्या संग्रहालयाचे पी. के. नायर म्हणजे आम्हा सगळ्यांचं दैवत. १९९१ साली ते निवृत्त झाले तेव्हा संग्रहात बारा हजारांवर सिनेमे होते, त्यांतले आठ हजार भारतीय. भारतात मूकपट सतराशेच्या आसपास निघाले. आज त्यांतले जे मोजके हाताशी आहेत ते बरेचसे या माणसामुळे. २०१२ साली त्यांच्यावर 'सेल्युलॉइड मॅन' हा माहितीपट आला. तो बघताना माझी मुलगी तीन वर्षांची होती आणि मांडीवर झोपली होती. इतकी वर्षं मी नायरांकडे सिनेमाच्या बाजूने बघत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं, यांच्या घरी संध्याकाळी दूध कोण आणत असेल?

माझं लग्न २००६ साली झालं. नवरा सिनेमाप्रेमी आहे, पण त्याला सिनेमा दोन दिवसांनी चढतो. थिएटरमधून बाहेर पडल्यावर तो गाडीची पावती शोधतो, वाटेत पेट्रोल भरतो, घरी येऊन झोपतो, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता म्हणतो, "पण त्या म्हाताऱ्याला सगळं आधीपासून ठाऊक होतं, नाही का?" मुद्दा अचूक असतो. माझं परीक्षण तोवर छापून आलेलं असायचं.

मग मुलगी झाली आणि शुक्रवार गेला. सिनेमा शुक्रवारी लागतो, आणि बाळाला ताप यायला, कामाच्या बाईला सुट्टी लागायला, नवऱ्याला हिंजवडीत अडकायला हाच वार सापडतो. मी परीक्षणं सोडणार होते. सोडली नाहीत ती सासूबाईंमुळे. त्यांनी आयुष्यात सिनेमे पाहिले ते प्रभातला आणि विजयला, आणि बहुतेक सगळे नणंदा-जावांच्या घोळक्यात. १९९१ च्या 'माहेरची साडी'ला त्या तीनदा गेल्या होत्या. तिसऱ्यांदा का, असं विचारलं तर म्हणाल्या, "पहिल्या दोन वेळा बरोबरच्या बायका इतक्या रडल्या की मला काही ऐकूच आलं नाही." कोथरूडच्या सिटी प्राइडला आमच्या घरून चालत जाता येतं. दुपारी नात शाळेत असताना आम्ही दोघी जायला लागलो.

त्यांचं परीक्षण एका वाक्याचं. २०१६ साली 'सैराट' बघून बाहेर आलो. सगळा हॉल सुन्न. आई, म्हणजे सासूबाई, शांतपणे पदर सारखा करत म्हणाल्या, "गाणी वाजवून आत बोलावलं आणि दार लावून घेतलं." मी सातशे शब्दांत तेच लिहिलं, आणि त्यांचं वाक्य घेतलं नाही. ते माझ्या मजकुरात ठेवलं असतं तर बाकीचे शब्द उगाचच दिसले असते. घरी पोचेपर्यंतची पंधरा मिनिटं, मग मटार सोलतानाचा अर्धा तास. सारसबागेचा तास थोडा आखूड होऊन ओट्यापाशी आला होता.

मराठीत सिनेमावर लिहून कुणाचं घर चालल्याचं मी ऐकलेलं नाही. गणेश मतकरी पेशाने आर्किटेक्ट. श्यामला वनारसे मानसशास्त्राच्या. सिनेमा करणाऱ्यांतही पाहा: सुमित्रा भावे कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवत होत्या, सिनेमाचं शिक्षण त्यांनी कुठल्याच संस्थेत घेतलं नव्हतं, आणि सुनील सुकथनकरांबरोबरचा 'दोघी' आला तेव्हा त्या पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या. त्यामुळे नोकरी-घर सांभाळून लिहिणं यात मला कधी कमीपणा वाटला नाही. उलट शुक्रवारी दुपारीच तारे वाटून मोकळी होणारी परीक्षणं मला हवामानाच्या अंदाजासारखी वाटतात. छत्री घ्यायची की नाही एवढं त्यातून कळतं. मी आता दहा दिवस उशिरा लिहिते. तोवर अर्धे सिनेमे उतरलेले असतात, आणि उरलेल्यांवर लिहिण्यासारखं असतं.

भावे-सुकथनकरांचाच 'अस्तु' 'सैराट'च्याच वर्षी महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. स्मृती हरवत चाललेले संस्कृत पंडित शास्त्री, मुलीच्या गाडीतून उतरून हत्तीच्या मागे चालत गेलेले. मोहन आगाशे, इरावती हर्षे, माहुताच्या बायकोच्या भूमिकेत अमृता सुभाष. मी त्यावर मन लावून लिहिलं होतं. मुलीच्या अपराधी भावनेला सिनेमा जरा जास्त वेळ देतो, माहुताच्या घरातली दृश्यं त्याहून श्रीमंत आहेत, असा माझा मुद्दा होता. चार वर्षांनी माझे वडील सदाशिव पेठेतल्या स्वतःच्या गल्लीत उभे राहून घर विचारू लागले. ते परीक्षण मी पुन्हा काढून वाचलं. त्यातलं एकही वाक्य आजही मागे घेणार नाही, सगळी बरोबर आहेत. फक्त मुलीला जास्त वेळ दिलाय की कमी, हे मोजत बसलेली ती बाई कोण होती, हे मला ओळखू येईना. 'अस्तु' मी त्यानंतर लावलेला नाही. बाबा गेल्यावरही नाही.

टाळेबंदीनंतर आईंचे गुडघे गेले आणि सिनेमा घरी आला. इथे माझी खरी तक्रार आहे. शेवटचं दृश्य संपून नावं येऊ लागली की कोपऱ्यात चौकट उमटते, आकडे उलटे मोजले जातात आणि पाच सेकंदांत दुसरंच काहीतरी सुरू होतं. ज्यांनी तास न् तास खपून तो सिनेमा केला त्यांची नावं टिकलीएवढी होतात. रिमोट नेहमी सोफ्याच्या फटीत असतो, त्यामुळे ते थांबवता येत नाही. शिवाय एक सिनेमा तीन रात्रींत बघायचा: पहिल्या रात्री कुकरपर्यंत, दुसऱ्या रात्री नवऱ्याच्या फोनपर्यंत. मध्यंतर दिग्दर्शकाऐवजी आमचा गॅस सिलिंडरवाला ठरवतो.

मुलगी आता सोळा वर्षांची आहे. ती सिनेमा दीडपट वेगाने बघते. मी हरकत घेतली तर म्हणाली, "तू एका सिनेमाला तीन दिवस लावतेस, मी सव्वा तास. सरासरी बरोबर आहे." तिच्या मैत्रिणींचं भांडण सिनेमा चालू असतानाच फोनवर होतं, आणि ते भांडण चांगलं असतं, मी चोरून वाचलं आहे. कपड्यांबद्दल बोलणारी एक मुलगी त्यांच्यातही आहे.

पिफची वेळापत्रकं आली की मात्र घरात युद्ध पेटतं. आईंना कोणीतरी सोबत हवं, त्यामुळे नवरा आणि मी एका वेळी बाहेर पडू शकत नाही. म्हणून वाटण्या होतात. सकाळचे खेळ त्याचे, संध्याकाळचे माझे. मागच्या खेपेला इराणी सिनेमा त्याच्या वाट्याला गेला आणि मला तीन तासांचा पोर्तुगीज मिळाला, ज्यात दुसरा तास एका भिंतीवर होता. रात्री जेवताना तो सगळं सांगत बसला, त्याच दिवशी, दोन दिवस न थांबता, कारण आई विचारत होत्या. मुलीने ताटावरून मान वर न करता त्याला शेवट सांगण्यापासून तीनदा अडवलं. यंदा मी आधीच सांगून ठेवलंय: इराणी असेल तो सिनेमा माझा, भिंत त्याने बघायची. त्याने अजून हो म्हटलेलं नाही. आईंचं म्हणणं पडलं की दोघांनीही भिंत बघू नये, त्या वेळात दळण आणावं.