आजोबांच्या हातातले कडे

दर वर्षी १६ एप्रिल जवळ आला की माझ्या मोबाइलवर एक चित्र हटकून येते. खाली ओळ असते : 'भारतातील पहिली आगगाडी, बोरीबंदर ते ठाणे, १८५३.' चित्रात मात्र फुगीर नाकाचे आणि त्या नाकावर चांदणी मिरवणारे एक दिमाखदार इंजिन असते. ते 'डब्ल्यू. पी.' जातीचे, आपल्याकडे ते पहिल्यांदा आले १९४७ साली. पणजोबांच्या लग्नात पणतूने अक्षता टाकाव्यात, तसलाच हा प्रकार! साहिब, सिंध आणि सुलतान या ज्या तीन इंजिनांनी ती पहिली गाडी ओढली, त्यांचे या चांदणीवालीशी गोत्रही जुळत नाही. हे चित्र पाठवणाऱ्याला कळवावे, तर तो म्हणतो, "सर, तुम्ही मराठीचे ना?"

मी मराठीचाच. उल्हासनगरात शिकवतो आणि बदलापुरात राहतो. जुन्या छायाचित्रांतली इंजिने ओळखण्याचा नाद मला लागला तो जुन्या पोथ्यांमुळे. पोथीच्या शेवटी शक लिहिलेला नसला तरी अक्षराच्या वळणावरून तिचा काळ अदमासता येतो. इंजिनाचेही तसेच आहे. आधी चाके मोजावीत. पुढची लहान किती, मधली मोठी किती, मागची किती, या तीन आकड्यांत त्याची निम्मी कुंडली असते. मग धुराडे पाहावे, दिवा पाहावा, टेंडरवरची अक्षरे वाचावीत. मध्य रेल्वे जन्मली १९५१ साली, तेव्हा 'सी. आर.' ही अक्षरे मिरवणारे चित्र १९४५चे आहे असे कोणी शपथेवर सांगितले तरी मानू नये.

आमच्या कॉलेजातल्या एका सिंधी सहकाऱ्याने एकदा मला घरातले छायाचित्र आणून दाखवले. इंजिनापुढे एक लहान मुलगा उभा. ते त्याचे वडील. फाळणीनंतर त्यांचे कुटुंब इथल्या कल्याण कॅम्पात आले. ८ ऑगस्ट १९४९ला याच कॅम्पाचे उल्हासनगर झाले. हे चित्र कल्याण स्टेशनातले, १९४८चे, असे घरात सगळे धरून चालले होते. मी भिंग लावून टेंडरवरची अक्षरे वाचली. 'एन. डब्ल्यू. आर.' म्हणजे नॉर्थ वेस्टर्न रेल्वे. ती कराचीची! म्हणजे चित्र इथले नव्हे, तिथलेच. माझा सहकारी काही बोलला नाही. सिंधमधला एकही फोटो आपल्याजवळ उरला नाही, अशी त्यांच्या घरात कायमची हळहळ होती, आणि तो सत्तर वर्षे त्यांच्याच भिंतीवर लटकत होता.

मला चेव आला. एक चौकट माझ्याही घरी होती.

आजोबा जी. आय. पी. रेल्वेत होते. चित्रात ते सिग्नलच्या केबिनच्या जिन्याशी उभे आहेत. अंगात गळाबंद कोट, खांद्यावर फडके, हातात वेताचे मोठे कडे. मागे इंजिन, आणि त्याच्याही मागे सिग्नलचा हात खाली पडलेला. पाठीमागे बाबांनी पेन्सिलीने लिहिलेले : 'अण्णा. बदलापूर केबिन, १९३६.' ते कडे कंदील टांगायचे, असे बाबा सांगत, आणि लहानपणी मी ते चार मित्रांना ऐटीत सांगितलेही होते.

इंजिनाची चाके मोजली. पुढे दोन लहान, मग तीन मोठी. दोन्ही बाजू धरून चार-सहा-शून्य. या घडणीची इंजिने देशभर धावत, त्यावरून गाव ठरत नाही. मग नजर वर गेली आणि तिथेच थबकली. आभाळ मोकळे होते. एक तार नाही, एक खांब नाही. मुंबईत विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ला सुरू झाली, आणि १ जून १९३०ला निघालेली डेक्कन क्वीन विजेच्या इंजिनाने बदलापूरवरूनच पुण्याला गेली. मग १९३६ साली बदलापूरच्या आभाळात तारा नकोत? बाबांचे साल चुकले असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण १९३०पूर्वी आजोबा शाळेत होते.

अंबरनाथला, शिवमंदिराच्या वाटेवर, रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांची उभी हयात केबिनमध्ये गेली. त्यांच्याकडे गेले की तासभर तरी मोडतो. लाल लिव्हर सिग्नलचे, पिवळे त्याआधीच्या इशाऱ्याच्या सिग्नलचे, काळे सांध्यांचे, निळे सांध्याच्या कुलपाचे. सांधा नीट बसून कुलूप पडल्याखेरीज सिग्नलचा लिव्हर हलतच नाही; खाली लोखंडी पट्ट्या एकमेकींना अडवून धरतात. हाताच्या घामाने मूठ गंजू नये म्हणून लिव्हर ओढायचा तो फडके धरून. (आजोबांच्या खांद्यावरच्या फडक्याचा उलगडा झाला.) जुन्या सिग्नलचा हात गाडी जाण्यासाठी खाली पडे, आणि म्हणून आता नुसते रंगीत दिवे लागत असले तरी आपण 'सिग्नल पडला' असेच म्हणतो. हे मला त्यांनी शिकवले, मराठीच्या प्राध्यापकाला!

फोटो मात्र त्यांनी क्षणभरच पाहिला.

"सर, हे बदलापूर नव्हे."

"तारा नाहीत म्हणून?"

"तारांचं राहू द्या हो. हातात काय आहे ते बघा."

ते कडे गोळ्याचे होते. जिथे एकच रूळजोडी असते, तिथे समोरासमोर गाड्या येऊ नयेत म्हणून ही योजना. दोन स्टेशनांतली यंत्रे तारेने जोडलेली. पलीकडच्या मास्तरने संमती दिल्याखेरीज इकडच्या यंत्रातून पोलादी गोळा सुटत नाही, आणि एक गोळा बाहेर असताना दुसरा निघत नाही. तो हाती आला तरच ड्रायव्हरने पुढे जायचे. गोळा कड्याच्या पिशवीत घालून सांधेवाला रुळांशेजारी उभा राहतो आणि धावत्या इंजिनातून हात घालून ते कडे उचलले जाते. बदलापूरला जाण्याची वाट वेगळी, येण्याची वेगळी. तिथे गोळ्याचे काम काय?

रात्री मी आत्याला फोन केला. ती नव्वदी ओलांडलेली, पण स्मरण लख्ख.

"बदलापूर कुठलं रे! ते दौंड-मनमाड रस्त्यावरचं ठेसन," ती म्हणाली आणि गावाचे नाव सांगून थांबली. मग म्हणाली, "माझ्या पाठचा तिथंच गेला. दोन वर्षांचा होता. तापानं. अण्णा गाडीला गोळा द्यायला उभे होते. गाडी गेल्याशिवाय येता येईना. पुढे त्यांनी बदली मागून घेतली, आणि त्या गावाचं नाव घरात काढायचं नाही असं झालं. आईनं मला हे माझ्या पहिल्या बाळंतपणात सांगितलं."

बाबांचा जन्म त्यानंतरचा, बदलापूरचा. आपण थोरले, असे ते पंच्याऐंशी वर्षे मानत आलेले. त्यांना सांगावे की नाही, या विचारात आठ दिवस गेले. चाके मोजायला बसलो नसतो तर बरे झाले असते, असेही एकदोनदा वाटले. शेवटी रविवारी दुपारी चहा झाल्यावर सांगितले.

ते बराच वेळ कपाशी चाळा करीत राहिले.

"नाव काय होतं त्याचं?"

"आत्यालाही आठवत नाही. बाळच म्हणत."

त्यांनी चष्मा मागितला, मुलाच्या कंपासपेटीतला रबर मागितला. चौकट उलटी करून 'बदलापूर केबिन' एवढे खोडले आणि तिथे आत्याने सांगितलेले गाव लिहिले. हात कापत होता. अक्षर काही नीट आले नाही. मी चौकट पुन्हा खिळ्याला लावत होतो, तेव्हा मागून म्हणाले,

"म्हणजे ते कंदिलाचं कडं नव्हे म्हणतोस?"