कोषाचं दार उघडणारं विकर

टसरचा कोष सुपारीसारखा टणक असतो. बोटांनी दाबून तो फुटत नाही, नखानं उकलत नाही. आतल्या पतंगाकडे तो कुरतडायला जबडे नसतात. ते अळीबरोबरच गेलेले असतात. तरीही दिवस मावळला की कोषाचं एक टोक आतून ओलं होतं. डाग पसरतो, तिथले धागे सैल पडतात. मग डोकं, पुढचे पाय आणि शेवटी चुरगळलेल्या पंखांसह सगळा पतंग बाहेर येतो. विकरांच्या अभ्यासात आयुष्य घालवलेल्या मला या ओल्या डागाइतकं नेटकं रसायनशास्त्र क्वचितच कुठे दिसलं आहे.

धागे सैल करणाऱ्या या विकराचं नाव कोकूनेज. हार्वर्ड विद्यापीठात फोटिस काफाटोस आणि कॅरोल विल्यम्स यांनी ते शोधलं आणि 1964 मध्ये ‘सायन्स’मध्ये त्याची माहिती दिली. टसरच्याच गोत्रातले पॉलिफेमस आणि पर्नी हे पतंग त्यांनी अभ्यासले होते.

फुलपाखरात ज्या अवयवांची मध शोषणारी सोंड होते, तेच अवयव इथे विकर बनवतात. हा पतंग जन्मभर काही खात नाही, त्यामुळे त्याला सोंडेची गरजच नसते. पेशींमध्ये कोकूनेज निष्क्रिय रूपात तयार होतं, म्हणून पेशी सुरक्षित राहतात. बाहेर पाझरल्यावर ते सक्रिय होतं आणि तोंडाजवळ त्याचा कोरडा थर जमतो. ऐन वेळी दुसऱ्याच ग्रंथी किंचित अल्कधर्मी द्रव सोडतात. त्यात हा थर विरघळतो आणि काम सुरू होतं.

काम नेमकं ठरलेलं असतं. रेशमाच्या धाग्यात फायब्रॉइनचे तंतू असतात आणि त्यांना चिकटवणारं सेरिसिन. कोकूनेज ट्रिप्सिनच्या कुळातलं आहे. प्रथिनांच्या साखळीत लायसिन किंवा आर्जिनिन आलं की ते तिथे तोडतं. सेरिसिनमध्ये अशा जागा सहज हाती लागतात. फायब्रॉइनमध्ये त्या मोजक्याच, आणि त्याची बांधणीही घट्ट. त्यामुळे डिंक विरघळतो आणि तंतू शाबूत राहतो. वाट मात्र पतंगाला अंगानं रेटूनच काढावी लागते. त्या रेट्यात थर विस्कटतात आणि सलग धागा निघत नाही. म्हणूनच धाग्यासाठी ठेवलेल्या कोषातला जीव उष्णता देऊन आधीच मारला जातो.

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा भागात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसर पिकतं. त्याच्या सेरिसिनला टॅनिनची जोड असल्यानं कोष मऊ करणं जिकिरीचं असतं. त्यासाठी ते सोडा-साबणाच्या पाण्यात उकळण्याची पद्धत आहे. उकळणं वाढलं तर धाग्याची ताकद आणि टसरचा मूळ सोनेरी-तपकिरी रंग दोन्ही उतरतात. कोकूनेज कमी उष्णतेवर काम करतं आणि तंतूला धक्का लावत नाही. तुतीच्या रेशीमकिड्याचं हे विकर प्रयोगशाळेत यीस्टकडून बनवूनही झालं आहे.

आता प्रश्न किमतीचा आणि पोहोचण्याचा आहे. संशोधन संस्थांनी आणि रेशीम खात्यानं हे विकर टसर पिकवणाऱ्या गावांत परवडेल अशा दरात, वापरायला सोप्या रूपात पोहोचवावं. ज्या जंगलातला पतंग हे रसायन फुकट बनवतो, तिथल्या माणसांना त्याचा लाभ सर्वांत आधी मिळायला हवा.